श्वास चालू असतो, पण कळत नाही

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण प्रत्यक्ष आणि अनुमान यांतला फरक पाहिला. आज तोच प्रश्न नाकाला विचारू. नाकातून हवा आत जाते आहे, हे आपल्याला कळतं कशावरून?

दाताच्या डॉक्टरांनी टाळूला भूल दिली, किंवा एंडोस्कोपीआधी घशात लिडोकेनचा फवारा मारला, की काहींना एकदम वाटतं, 'श्वास अडकला!' माणूस घाबरतो. हवेची वाट मात्र बहुतेक वेळा पूर्वीइतकीच मोकळी असते. मग बदललं काय?

ही भूल मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटा बंद करते. त्यामुळे वेदनेचा निरोप थांबतो, तसा स्पर्शाचा आणि गारव्याचाही थांबतो. आणि श्वासाची जाणीव मुख्यतः या गारव्यावरच उभी आहे. आत येणारी हवा नाकातला ओलावा उडवते, आतलं अस्तर गार होतं, त्यावरून मेंदू ठरवतो की हवा आली. प्रयोगांत नाकाला भूल दिल्यावर लोकांना नाक चोंदल्यासारखं वाटलं, पण मोजलेला अवरोध वाढलेला नव्हता. तोंडाने श्वास घेतानाही घशाला गारवा लागतो. फवाऱ्याने तोही जातो, म्हणून तोंड उघडूनही समाधान होत नाही.

मेंथॉलचं याच्या उलट. ते गारव्याचेच तंतू चेतवतं. सर्दीत बाम हुंगला की नाक मोकळं वाटतं, पण मोजायला गेलं तर चोंदलेलं ते चोंदलेलंच!

आपल्या प्राचीन वैशेषिकांच्या मते वायू दिसत नाही, स्पर्शावरून त्याचं अनुमान होतं. वायूचा स्पर्श ना गार ना उष्ण, गारवा हा पाण्याचा गुण. नाकातला ओलावा आठवला, की हे म्हणणं किती नेमकं होतं ते लक्षात येतं. भूल हे अनुमानाचं साधनच काढून घेते. साधन गेलं म्हणून वस्तू गेली, असं होत नाही. श्वासाची लय मेंदूच्या तळाशी ठरते, तिथे ही भूल पोचत नाही.

तेव्हा अशा वेळी आपण दुसरा साक्षीदार बोलवावा: तळहात नाकापुढे धरावा. त्याला भूल दिलेली नाही, उच्छ्वासाची ऊब त्याला लागते.

तरीही डॉक्टरांना सांगायचंच. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा छातीत घरघर सुरू झाली, तर तो भास नसतो, ती ॲलर्जी असू शकते. आणि घशाची जाणीव परत येईपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही, कारण ठसका न लागताच ते श्वासनलिकेत उतरू शकतं.