पाचर नीट बसली पाहिजे

इटलीत ब्रेशाच्या उत्तरेला त्रोम्पियाचं खोरं आहे. तिथल्या गार्दोने गावच्या बेरेत्ता नावाच्या कारागिराने १५२६ साली व्हेनिसच्या शस्त्रागाराला बंदुकीच्या १८५ नळ्या पुरवल्याची नोंद सापडते. याच गावात १९५९ मध्ये आल्दो उबेर्ती यांनी कारखाना काढला, तो जुन्या शस्त्रांच्या नव्या प्रती घडवण्यासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धाची शताब्दी तोंडावर आली होती. व्हॅल फर्जेट यांच्यासारख्या तिथल्या व्यापाऱ्यांना सॅम्युएल कोल्टचं १८५१ चं ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर विकायला हवं होतं. अस्सल नग महाग आणि जपून ठेवण्याजोगे. त्यांतून बार कोण काढणार?

हे रिव्हॉल्व्हर ठासणीचं. सहाही घरांत पुढून काळी दारू घालायची, म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. वर घराहून किंचित मोठी शिशाची गोळी ठेवून नळीखालच्या दांड्याने दाबली की कडेचं शिसं वर्तुळात तासलं जातं आणि घर घट्ट बंद होतं. मागच्या पोकळ खुंटीवर तांब्याची टोपी बसते. घोडा पडला की तिचा विस्तव आतल्या दारूपर्यंत पोहोचतो.

कोल्टच्या सांगाड्याला वर पट्टी नाही. नळी मधल्या जाड दांड्यावर सरकते आणि आडव्या पाचरीने अडकते. सगळी मेख इथेच आहे. उबेर्तीच्या प्रतींत या दांड्याचं टोक नळीतल्या भोकाच्या तळाला बहुधा टेकत नाही. मग पाचर जितकी ठोकावी तितकी नळी मागे येते, कधी सहा घरांच्या फिरत्या दंडगोलाला चिकटून तो अडवते. जाणकार संग्राहक भोकात मापाची पोलादी चकती बसवतात, ती कानशीने थोडी थोडी घासत. दांडा तळाला टेकला की पाचर कितीही घट्ट ठोका, नळी आणि दंडगोल यांच्यातली फट तेवढीच राहते. माझ्या मते प्रतीवर करण्याजोगं पहिलं काम हेच; नक्षीदार मूठ नंतर. रेमिंग्टन रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्याला वरची पट्टी असल्याने ही कटकट नाही, पण कोल्टचा डौलही नाही.

दुसरा त्रास टोप्यांचा. बार उडताच फुटलेली टोपी घोड्याच्या फटीत पडते आणि यंत्र अडतं. खुंट्या बदलून, घोड्याचं तोंड गुळगुळीत करून हे बरंच आटोक्यात येतं. बार काढल्यावर गरम पाणी आणि साबणाने धुणं त्याच दिवशी व्हायला हवं. काळ्या दारूची राख ओल धरते, लोखंड गंजू लागतं.

काही हौशी निळसर झिलई उतरवून पोलादाला जुनाट रंग देतात. गणवेश घालून जुन्या लढाया उभ्या करणारे तर कारखान्याचं नावही घासून काढतात. नाव घासलं तर घासा. पण इटालियन चाचणीगृहाने ठोकलेला तारा, त्याखालची काळ्या दारूची अक्षरं आणि वर्षाची खूण यांना हात लावू नये. पुढे विकत घेणाऱ्याला नग कोणत्या साली तपासला गेला ते तिथूनच कळतं.