उन्हं कलली की पोरं बाहेर

दिवाळी आली की भिवंडीची हवा पालटते. ऑक्टोबरचा उकाडा ओसरतो, उत्तरेकडचं वारं सुटतं, पहाटे पंखा बंद करून चादर ओढावीशी वाटते. तुळशीचं लग्न होईतो कपाटातली कानटोपी बाहेर येते आणि तिच्या मागोमाग आजीची ताकीदही: “बाहेर जाऊ नकोस, वारं लागेल, सर्दी होईल.” धामणकर नाका, कणेरी, पद्मानगर, कामतघर, कुठल्याही वस्तीत संध्याकाळी हे वाक्य ऐकू येतं. त्यामागे माया असते, पण या मायेपोटी मुलांचा वर्षातला सर्वांत चांगला खेळण्याचा हंगाम वाया जातो.

आपल्या भागाचं वर्ष पाहा. जून ते सप्टेंबर पाऊस आणि चिखल. मार्चपासून ऊन चढतं आणि घाम निथळतो. मनसोक्त धावायला उरतात ते कार्तिकापासून माघापर्यंतचेच महिने. त्यातही आपली थंडी ती केवढी! कोकणपट्टीत ऐन डिसेंबर-जानेवारीतही पहाटेचा पारा साधारण पंधरा ते अठरा अंशांवर असतो आणि दुपारी तिशीच्या आसपास जातो. फिनलंडमध्ये बर्फ पडत असतानाही शाळेच्या मधल्या सुट्ट्यांत मुलं अंगणात असतात. त्या मानाने आपली नोव्हेंबरची संध्याकाळ म्हणजे खेळण्याचं आमंत्रणच.

मग सर्दी कशाने होते? विषाणूंमुळे. सर्दी करणारे दोनशेहून अधिक विषाणू माहीत आहेत आणि माणसं जवळजवळ, बंद जागेत राहिली की ते सहज पसरतात. धामणकर नाक्याच्या आसपासची असंख्य कुटुंबं एका खोलीत राहतात. थंडी पडली की खिडकी बंद होते. आत स्वयंपाकाची वाफ, डासांच्या अगरबत्तीचा धूर, शेजारच्या यंत्रमागाच्या कारखान्यातून येणारे कापसाचे तंतू आणि एका पांघरुणात तीन भावंडं. त्यांतल्या एकाला शिंक आली की आठवड्यात तिघंही शिंकतात. मोकळ्या हवेत हाच धोका कितीतरी कमी होतो.

यंत्रमागाच्या या गावात आणखी एक अडचण आहे. माग बारा-बारा तासांच्या पाळ्यांत चालतात. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा त्याच खोलीत झोपलेला असतो. मुलांनी आवाज करायचा नाही, म्हणून त्यांच्या हाती मोबाइल दिला जातो. मग मुलं घरातच राहतात. उघड्यावरचा वेळ डोळ्यांना किती जपतो, हे आता नीट मोजलं गेलं आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं अभ्यास झाला. निम्म्या शाळांनी रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवला. तिथे ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं, तर इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. उघड्यावरचा लख्ख उजेड वाढत्या डोळ्याला जपतो, आणि ढगाळ दिवसाचा उजेडही घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कैक पटींनी जास्त असतो.

हाडांचंही तसंच. २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या देशव्यापी बालपोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयोगटातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या मुलांमध्ये ड जीवनसत्त्व कमी आढळलं. उन्हाचा तोटा नसलेल्या देशात ही अवस्था! हे जीवनसत्त्व त्वचेत तयार होतं ते मुख्यतः सूर्य वर असताना, साधारण दहा ते तीनच्या दरम्यान. एप्रिलमध्ये त्या वेळी बाहेर उभं राहवत नाही, पण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुट्टीच्या दिवशी अकराचं ऊन सोसवतं. खेळाच्या वेळेबाबत जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन सोपं आहे: पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी.

मूल उघड्यावर वाढावं, हा विचार आपल्याला परका नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हे काम बहरलं. हा सारा भाग तेव्हा भिवंडीप्रमाणेच ठाणे जिल्ह्यात होता. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, असं त्यांनी ठरवलं; हीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी तर थेट कुरणातच कुरणशाळा भरवली. पानं, बिया, शिंपले, खडे हीच तिथली साधनं. १९७५ मध्ये देशभर एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. आज नाक्याच्या परिसरातल्या कित्येक अंगणवाड्या एका खोलीत भरतात. सेविकांनी दिवसातला एक तास मुलांना समोरच्या मोकळ्या जागेत नेलं, तरी ताराबाईंचं काम पुढे जाईल.

या दिवसांत खेळ शोधायला लांब जायला नको. दिवाळीचा किल्ला हा मराठी मुलांचा अस्सल मैदानी खेळ आहे. दगड-विटांचा ढीग, वर गोणपाट, त्यावर माती. बुरूज, तळं, गुहा, पायवाट. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरली की चार-पाच दिवसांत गवत उगवतं. हात, पाठ, डोकं, सारं कामाला लागतं आणि चाळीतली वेगवेगळ्या भाषांची पोरं एकत्र येतात. पाडवा झाला म्हणून किल्ला लगेच मोडू नका. तुळशीच्या लग्नापर्यंत रोज पाणी शिंपडू द्या, नवे बुरूज चढवू द्या.

किल्ल्यानंतर खेळ कुठले? लगोरीला सात चपट्या फरश्या आणि एक चेंडू पुरतो. डबा ऐसपैसला रिकामा डबा, लंगडीला तर काहीच लागत नाही. भोवरा आणि गोट्या बोळातही खेळता येतात. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला या खेळाचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी जिंकला, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. मुलांना हे जरूर सांगा. बिनभांडवलाच्या खेळातून कुठवर जाता येतं, ते त्यांना कळू द्या.

वेळ मात्र विचारपूर्वक निवडायला हवी. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते. वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते आणि ट्रकचा, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या बॉयलरचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर खालीच कोंडतो. ऊन तापलं की हे झाकण उठतं. म्हणून भल्या पहाटे धावायला पाठवू नये. सकाळच्या शाळेच्या मुलांना चार ते पावणेसहा ही वेळ उत्तम, कारण नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारच्या शाळेची मुलं नऊनंतर खेळू शकतात. फटाक्यांच्या धुराच्या रात्री आणि हवा धुरकट दिसेल त्या दिवशी धावपळ टाळावी. दम्याच्या मुलांना गार, कोरडी हवा आणि धूर त्रास देऊ शकतात. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळावं, इन्हेलर जवळ ठेवावा, पण खेळणं सोडू नये.

कपडे एकावर एक, पातळ आणि सुती असावेत. धावताना स्वेटर काढायचा, खेळ थांबला की घामाचा सदरा बदलून पुन्हा चढवायचा. पावसाळ्यानंतर डेंग्यूचे डास असतातच, तेव्हा पूर्ण बाह्या बऱ्या. थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाण्याची आठवण करावी. घरी आल्यावर साबणाने हात धुवायचे आणि मग बाजरीची भाकरी, गूळ, तिळाची चटणी, पेरू. दमलेलं मूल पोटभर जेवतं आणि गाढ झोपतं.

उरतो जागेचा प्रश्न, आणि तो खरा आहे. नाक्यावर रिक्षा, टेम्पो आणि गोदामांचे ट्रक अखंड वाहतात. ठाण्याहून येणाऱ्या मेट्रो ५ च्या पहिल्या टप्प्याचं टोकही इथेच आहे. या रस्त्यावर मूल एकटं सोडा, असं कोणी म्हणणार नाही. पण शिक्षण हक्क कायद्याने, २००९ साली, शाळेला मैदान आवश्यक ठरवलं आहे. ही मैदानं शाळा सुटल्यावर कुलपात का राहावीत? शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्यांनी संध्याकाळी दोन तास फाटक उघडं ठेवण्याचा ठराव मांडावा, लक्ष ठेवायला पाळीपाळीने दोन पालक बसावेत. नगरसेवकाकडे मत मागण्याच्या वेळीच नव्हे, एरवीही मैदान मागावं. चाळीने आपला बोळ तासभर गाड्यांना बंद करावा, सोसायटीने वाहनतळाचा कोपरा मोकळा करावा. रविवारी चार घरांची मुलं मिळून वऱ्हाळा तलावाच्या बाजूला किंवा धोबी तलावाजवळच्या परशराम टावरे स्टेडियमकडे न्यावीत.

फेब्रुवारी सरला की पुन्हा ऊन चढेल. हातात जेमतेम साडेतीन महिने आहेत. फराळाला जमलेल्या शेजाऱ्यांशी आजच बोला: कुठल्या अंगणात खेळायचं, किती वाजता आणि पहिल्या आठवड्यात लक्ष कोण ठेवणार. एवढं ठरलं, तर बाकीचं सगळं पोरं स्वतः ठरवतील.