डोळे, घोट आणि तोल

महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर कुणाच्या अंगावरून वारं गेलं, की काय झालं असेल ते शेजारीपाजारीही सांगतात: तोंड वाकडं, एक हात-पाय लुळा, बोलणं बोबडं. पण मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभाला, म्हणजे ब्रेनस्टेमला झटका बसतो, तेव्हा हातापायांत ताकद शाबूत असूनही माणूस मरणाच्या दारात असू शकतो. त्याला गरगरतं, उलट्या होतात, एकाची दोन माणसं दिसतात, प्यायलेलं पाणी नाकावाटे परत येतं. घरचे म्हणतात पित्त खवळलं, मानेचा त्रास उठला. उपचाराचे मोलाचे तास अशा समजुतीत निघून जातात.

मस्तिष्कस्तंभाची लांबी जेमतेम सात-आठ सेंटिमीटर. वर मध्यमेंदू, मधे मस्तिष्कसेतू, खाली लंबमज्जा. श्वास, रक्तदाब, जाग, गिळणं आणि डोळ्यांची हालचाल यांची केंद्रं इथेच आहेत, आणि मेंदूकडून शरीराकडे जाणारे-येणारे सगळे मज्जामार्ग इथूनच जातात. कशेडी घाटात एका वळणावर दरड आली की अख्ख्या कोकणाची वाहतूक ठप्प व्हायची, तसंच इथल्या वाटाण्याएवढ्या जखमेनेही होतं. मानेतून वर चढणाऱ्या दोन कशेरुका धमन्या एकत्र येऊन बॅसिलर धमनी बनते आणि या भागाला रक्त पुरवते. वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिलेला रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि मिश्री या धमन्यांची वाट लावतात. रक्ताची गुठळी अडकून होणाऱ्या झटक्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा मेंदूच्या या मागल्या रक्तपुरवठ्यातला असतो.

लक्षणं नीट वाचली तर जखम कुठे आहे ते कळतं. लंबमज्जेच्या बाजूच्या भागातल्या झटक्याचं वर्णन जर्मन डॉक्टर अ‍ॅडॉल्फ वालेनबर्ग यांनी १८९५ साली केलं. अशा रुग्णाच्या खाटेशी उभं राहून पाहिलं तर एका बाजूची पापणी किंचित उतरलेली आणि त्याच डोळ्याची बाहुली बारीक झालेली दिसते. आवाज घोगरा असतो, उचकी थांबत नाही, पाण्याच्या पहिल्याच घोटाला ठसका लागतो. झटका डाव्या बाजूचा असेल आणि थंडगार चमचा टेकवला, तर चेहऱ्याच्या डाव्या बाजूला आणि अंगाच्या उजव्या बाजूला गारवा कळत नाही. तोंड एका बाजूचं आणि अंग दुसऱ्या बाजूचं, ही फुली मस्तिष्कस्तंभाची खूण आहे. हात उचलायला सांगा, तो दोन्ही उचलेल. उभं करा, एका अंगाला कलंडेल. सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या मागच्या भागातला ताजा झटका पुष्कळदा दिसत नाही. म्हणून ‘स्कॅन नॉर्मल आहे’ एवढ्यावर अशा रुग्णाला घरी पाठवता येत नाही.

सर्वांत भीषण जखम मस्तिष्कसेतूच्या पुढच्या भागातली. चारही हातपाय, चेहरा, वाचा सारं बंद. जाग मात्र पूर्ण, आणि डोळे वरखाली होतात. १९६६ साली फ्रेड प्लम आणि जेरोम पोस्नर यांनी या अवस्थेला ‘लॉक्ड-इन’ हे नाव दिलं. फ्रेंच संपादक ज्याँ-दोमिनिक बोबी यांना ८ डिसेंबर १९९५ रोजी असा झटका आला. डाव्या डोळ्याच्या उघडझापेवर एकेक अक्षर सांगत त्यांनी अख्खं पुस्तक लिहवून घेतलं.

महाड-पोलादपूरला हे वाचताना सापांपैकी मण्यार आठवायलाच हवी, कारण तिच्या दंशाची लक्षणंही अशीच दिसतात. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही सापडतेच असं नाही. पहाटे पोटात कळा, मग जड पापण्या, दोन-दोन दिसणं, गिळता न येणं, आणि शेवटी श्वास बंद. विष मज्जातंतूंची टोकं निकामी करतं. मेंदूला धक्का लागत नाही. बाहुल्या विस्फारून स्थिर झालेला, पापणीही न हलवणारा हा रुग्ण मेंदूमृत वाटतो, पण तो सगळं ऐकत असू शकतो. कृत्रिम श्वासावर काही दिवस तगवला तर तो चालत घरी जातो. फरक ओळखायचा तो असा: झटका अचानक येतो आणि बहुधा एका बाजूला किंवा फुलीने दिसतो, मण्यारीचा लकवा दोन्ही बाजूंना सारखा, पापण्यांपासून खाली उतरत, काही तासांत वाढत जातो.

खाटेशेजारी बसून वाचण्याची ही विद्या इथल्या मातीला नवी नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं फुप्फुसात पाणी भरून दगावत होती. त्यांनी रुग्णांची नाडी, घाम, श्वास यांच्या बारीक नोंदी ठेवल्या, त्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणल्या आणि प्राझोसिन हे औषध वापरून हे मृत्यू सुमारे चाळीस टक्क्यांवरून एक टक्क्याच्या आसपास आणले. सर्पदंशावरही त्यांनी महाडमधूनच लिहिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जगाने उचललेलं ज्ञान ग्रामीण रुग्णाच्या उशाशी बसून मिळालं, हे या तालुक्यांना अभिमानाने सांगता येतं.

आता प्रश्न वेळेचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नसल्याची खात्री करून द्यायचं. बॅसिलर धमनीतली गुठळी नळी घालून काढण्याचा फायदा २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चिनी चाचण्यांनी दाखवला. निवडक रुग्णांत ही संधी चोवीस तासांपर्यंत असते. पण त्यासाठी मुंबई किंवा पुणे गाठायचं. मुंबई पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि पावसाळ्यात पुण्याकडच्या वरंधा घाटाचा भरवसा नसतो. जुलै २०२१ मध्ये तर सावित्री नदीने महाड बुडवलं आणि आंबेनळी घाटाचा रस्ताच तुटला. पोरं मुंबईला नोकरीला आणि घरात म्हातारी दोघंच, अशी घरं डोंगराकडेच्या गावांत कमी नाहीत. तिथे लक्षण ओळखणारं पहिलं माणूस शेजारी किंवा आशाताईच असणार.

म्हणून हे नियम घरोघरी पोचायला हवेत. अचानक तोल गेला, दोन-दोन दिसू लागलं, पापणी पडली, घोट अडला किंवा वाचा बदलली, तर १०८ ला फोन करा. माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ लिहून ठेवा. तोंडात पाणी, गोळी, लिंबूसरबत काही घालू नका. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. रात्री जमिनीवर झोपला होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि निपचित पडलेल्या माणसासमोर तो गेलाच, असं कधीही बोलू नका. आधी त्याला वर बघायला, डोळे मिटायला सांगा. आशाताईंच्या प्रशिक्षणात वाकड्या तोंडाबरोबर डोळे, घोट आणि तोल हे तीन शब्द शिकवायला वेगळं यंत्र लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही. इथून निघणारा प्रत्येक रुग्ण निदान योग्य रस्त्याला तरी वेळेत लागेल.