उजेडाची शाळा : चौकोनी भोकाचा गोल कवडसा

ठरलेला पेरिस्कोप पुढच्या आठवड्यात करू. अगरबत्तीची रिकामी खोकी आणि आरशाचे तुकडे ज्यांनी जमवलेत, त्यांनी ते तेवढे जपून ठेवावेत. तीर्थपुरीहून एका शिक्षिकेचा प्रश्न आलाय आणि तो मागे ठेवणं मला जमणार नाही.

गेल्या वेळचा खडूच्या पुडीचा प्रयोग त्यांनी पत्र्याच्या खोलीत केला. दारं-खिडक्या लावल्या, डस्टर झटकलं, छताच्या पत्र्यातल्या भोकातून जमिनीपर्यंत उजेडाची तिरपी रेघ उभी राहिली. मुलं हात घालून ती अडवत होती. तेवढ्यात चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, वरचं भोक तर वाकडंतिकडं हाय, मग खाली गोल कसं काय पडलं?"

'प्रकाश सरळ रेषेत जातो' एवढ्यानं इथे भागत नाही. सरळ जातो, तर भोकाचाच आकार खाली उमटायला हवा, असं ती मुलगी म्हणतेय. तिचा तर्क चोख आहे. त्यात सूर्य तेवढा धरायचा राहिलाय. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, चांगली रुंद तबकडी आहे. भोकाच्या प्रत्येक बिंदूतून त्या तबकडीचं एकेक अख्खं चित्र खाली उतरतं. ही चित्रं जराजराशी सरकून एकमेकांवर पडतात, त्यांचा मिळून कवडसा होतो.

चौथीला हे नुसतं सांगून कळत नाही, करायला द्यावं. कागदावर बोराएवढा चौकोन काढा. त्याच्या कोपऱ्यांवर आणि कडांवर मध्य ठेवून बांगडी फिरवत गोल आखा. सगळ्या गोलांची मिळून बाहेरची कड जवळपास गोलच येते, चौकोन दिसेनासा होतो. आता वहीच्या पानाएवढा चौकोन घ्या आणि बांगडीच्या जागी बाटलीचं झाकण. यावेळी कड चौकोनी येते, फक्त कोपरे गोलसर. भोक लहान आणि चित्र मोठं, की सूर्य जिंकतो. भोक मोठं आणि चित्र लहान, की भोक.

नंतर सगळ्यांना उन्हात न्या. आरशावर कागद चिकटवा, त्यात अर्ध्या सेंटीमीटरचा चौकोन कापा. हातभरावरच्या भिंतीवर चौकोनी ठिपका पडेल. तोच दहा मीटरवरच्या सावलीतल्या भिंतीवर टाका : सुमारे नऊ सेंटीमीटरचा गोल सूर्य. मुंबईच्या 'नवनिर्मिती' या संस्थेच्या विवेक माँटेरो आणि सहकाऱ्यांनी असाच आरसा वाळू भरलेल्या चेंडूवर बसवून दिवसाचं खगोलशास्त्र शाळाशाळांत नेलं. चेंडू हवा तसा फिरवून ठेवता येतो, हात थरथरण्याचा प्रश्न उरत नाही. सूर्याकडे किंवा आरशाकडे कुणी पाहायचं नाही, सगळ्यांचे डोळे भिंतीवर. या बाबतीत मी फार कडक आहे.

सहावी-सातवीला याच्या पुढे जाता येतं. चित्राचा व्यास भोकापासूनच्या त्याच्या अंतराचा साधारण १०८ वा भाग असतो. खऱ्या सूर्याचंही प्रमाण हेच. तो १५ कोटी किलोमीटर दूर, त्या अंतराला १०८ नं भागा : सुमारे १४ लाख किलोमीटर. शाळेच्या भिंतीवर फूटपट्टी लावून सूर्याचा व्यास निघतो! पत्र्याच्या कवडशावर करायचं असेल तर तो जमिनीवर मोजू नका, तिथे लांबट पडतो. पाटी किरणाला आडवी धरून मोजा.

२६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी आपल्याकडे खंडग्रास ग्रहण होतं. तेव्हा कडुनिंबाखालचे सगळे कवडसे कोरीसारखे झाले होते. अशा वेळी मुलांना दारं लावून आत बसवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मान खाली घालून जमिनीवरचं ग्रहण पाहण्यात कसलाच धोका नाही. आता असं ग्रहण २ ऑगस्ट २०२७, सोमवार, दुपार कलताना. आभाळ उघडलं तर पत्र्याची खोली आयती तयार आहे.

त्या दिवशी मुलांच्या एक गोष्ट लक्षात येईल : कवडशातली कोर आकाशातल्या कोरीच्या उलट वळलेली असते. त्याचं कारण बांगडीनं सापडत नाही. त्यासाठी पुठ्ठ्याच्या खोक्याचा सूचिछिद्र कॅमेरा लागतो, तो पेरिस्कोप झाल्यावर करू.