विषाणू न दिसताही लागणारा सुगावा

रोगप्रतिकारशक्ती शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. जन्मजात म्हणजे तत्पर, पण ढोबळ; अर्जित म्हणजे अचूक, पण सज्ज व्हायला काही दिवस घेणारी. काही पेशी मात्र यांपैकी कोणत्याच रकान्यात नीट बसत नाहीत. ‘मेट’ पेशी त्यांतल्याच. कुळाने त्या टी-पेशी, म्हणजे अर्जित बाजूच्या. पण जन्मजात पेशींप्रमाणे काही तासांतच कामाला लागतात. माणसाच्या रक्तात आणि विशेषतः यकृतात त्या बऱ्याच असतात.

त्या शत्रू कसा ओळखतात? अनेक जिवाणू ब-२ जीवनसत्त्व स्वतः तयार करतात. आपल्या पेशींना ते जमत नाही. या प्रक्रियेत निर्माण होणारे रेणू मेट पेशी हेरतात, हे २०१२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले.

पण विषाणू तर ब-२ बनवीतच नाहीत! मग डेंग्यू किंवा फ्लू झाल्यावर मेट पेशी जाग्या कशा होतात? २०१६ साली याचा उलगडा झाला. त्या विषाणूला पाहत नाहीत, शेजाऱ्यांची हाक ऐकतात. विषाणूची चाहूल लागलेल्या इतर पेशी इंटरल्यूकिन-१८ सारखी निरोप्या प्रथिने सोडतात. हा निरोप मिळताच मेट पेशी इंटरफेरॉन-गॅमा स्रवतात. प्रयोगशाळेत त्यामुळे हेपॅटायटिस-सी विषाणूची वाढ रोखली गेली. मेट पेशी नसलेले उंदीर फ्लूला अधिक बळी पडतात, हेही २०१८ साली दिसून आले.

तेव्हा फळ्यावर ते दोन रकाने जरूर आखावेत. मधली रेघ मात्र तुटक काढावी.