चार नायगाव, एक मेन्यू: कॅटेगरीच्या किती पायऱ्या दाखवायच्या?

हा भाग नायगाव पूर्वेला घरीच बसून रेकॉर्ड केलाय, त्यामुळे मधेच लोकलचा भोंगा ऐकू आला असेल तर सांभाळून घ्या. ज्यांना वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

आमची काकू घरगुती डबे देते. तिच्यासारख्या बायकांची यादी असावी म्हणून मी वर्डप्रेसवर एक छोटी साइट बनवली. कॅटेगरी जागेप्रमाणे लावल्या: महाराष्ट्र, त्याखाली पालघर जिल्हा, त्याखाली वसई तालुका, मग नायगाव, मग नायगाव पूर्व. पाच पायऱ्या. लॅपटॉपवर एकदम झकास! काकूने फोनवर उघडली आणि म्हणाली, "अरे, डावीकडे नुसती रिकामी जागाच आहे. माझं नाव कुठंय?"

बरोबरच होतं तिचं. माझ्या थीममध्ये प्रत्येक पायरी २० पिक्सेल आत सरकत होती. म्हणजे पाचव्या पायरीला ८० पिक्सेल गेले. ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर जवळजवळ पाव स्क्रीन वाया.

वर्डप्रेसमध्ये कॅटेगरींची यादी छापणारं फंक्शन आहे, 'डब्ल्यूपी लिस्ट कॅटेगरीज' (लिहिताना शब्दांमध्ये अंडरस्कोअर). त्याला 'डेप्थ' नावाचा एक आकडा देता येतो:

० म्हणजे सगळ्या पायऱ्या. हाच डिफॉल्ट आहे. शून्य म्हणजे 'काहीच नाही' असं समजू नका, इथे बरेच जण फसतात.
१ म्हणजे फक्त सगळ्यात वरची पायरी.
२ म्हणजे वरची आणि तिच्याखालची. पुढे तसंच.
उणे १ म्हणजे सगळ्या कॅटेगरी, पण सपाट. कोण कुणाच्या पोटात आहे ते दिसतच नाही.

मी घाईत उणे १ टाकलं. आत सरकणं बंद, जागा वाचली, मी खूश. पण यादी नावाप्रमाणे लागते ना! मग एकाखाली एक 'नायगाव', 'नायगाव', 'नायगाव', 'नायगाव'. एक आमचं. एक मुंबईतलं, दादरजवळचं. एक सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं, जिथे १८३१ साली सावित्रीबाई फुले जन्मल्या. आणि चौथं नांदेड जिल्ह्यातलं, ते तर स्वतःच तालुक्याचं ठिकाण. वेगवेगळ्या पालकांखाली एकाच नावाच्या कॅटेगरी वर्डप्रेस चालवून घेतो, पण वाचणाऱ्याला ओळखायच्या कशा?

व्हायचं तेच झालं. एका मुलीने काकूला फोन करून दोन डबे सांगितले. काकूने रांधलं, भरलं, आणि पत्ता विचारला तर तो दादरजवळचा निघाला! दोन डब्यांचं नुकसान, शिवाय ती मुलगी दुपारी उपाशी. चूक माझ्या एका आकड्याची.

मग नीट विचार केला. पहिलं म्हणजे 'महाराष्ट्र' ही पायरी काढली, कारण यादीतलं सगळंच महाराष्ट्रातलं. मधली किंवा वरची कॅटेगरी डिलीट केली की तिची मुलं आपोआप एक पायरी वर येतात, हरवत नाहीत. दुसरं, होमपेजवर डेप्थ २ ठेवलं: जिल्हा आणि तालुका, बस. तिसरं, तालुक्याच्या पानावर 'चाइल्ड ऑफ'मध्ये त्या तालुक्याचा आयडी आणि डेप्थ १. मोजणी त्या तालुक्यापासून सुरू होते, म्हणून वसई उघडलं की नायगाव, नालासोपारा, विरार एवढंच दिसतं. आणि वर 'पालघर › वसई' असा माग ठेवला, म्हणजे नायगाव कुठलं ते कळतं.

"पण मग खालच्या कॅटेगरीतल्या नोंदी गेल्या का?" नाही. डेप्थमुळे फक्त यादीतलं दिसणं थांबतं. कॅटेगरी आणि तिची लिंक जिवंत राहते. शिवाय पालक कॅटेगरीच्या पानावर मुलांमधल्या पोस्टही डिफॉल्टने येतात, म्हणजे काकू 'वसई'मध्येही सापडते.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. 'हायरार्किकल' फॉल्स केलं असेल तर डेप्थला काही अर्थ उरत नाही, यादी सपाटच येते. वरच्या नेव्हिगेशन मेन्यूचं डेप्थ वेगळं असतं, ते तिथेच बदलावं लागतं. आणि हे सगळं चाइल्ड थीममध्ये करा, नाहीतर थीम अपडेट झाली की मेहनत पुसली जाते. सीएसएसने लपवणं सोपं वाटतं, पण लपवलेली यादी फोनवर डाउनलोड होतेच. नेट कुणाचं जातं? वापरणाऱ्याचं.

थोडक्यात, किती पायऱ्या कापायच्या हे जागा बघून ठरवू नका. पालकाचं नाव काढल्यावरही जे नाव ओळखू येतं, तिथपर्यंतच कापा. आणि घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाच्या फोनवर तपासून बघा.

काकू मात्र अजूनही फोन उचलला की आधी विचारते, "कुठलं नायगाव?"

तुमच्या साइटवर किती पायऱ्या आहेत, जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!