‘बाप’ शब्दाचें मूळ व इतिहाससंशोधनांत त्याचा उपयोग

‘मायबाप’ हा जोडशब्द मराठींत इतका रुळलेला आहे कीं, त्यांतील दोन्ही पदें एकाच कुळांतील असावींत असा सहज समज होतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. ‘माय’ हें पद संस्कृत ‘माता’, प्राकृत ‘माआ’ या वाटेनें सरळ आलेलें आहे. ‘बाप’ हें पद मात्र ‘पितृ’ शब्दापासून निघालेलें नाहीं. तें कोठून आलें हा प्रश्न केवळ वैयाकरणांचा नव्हे. कारण या एका शब्दाचा अर्थ न उमगल्यामुळें आपल्या इतिहासांत कधींही नसलेलीं माणसें उभीं राहिलेलीं आहेत. म्हणून प्रस्तुत विषयाचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. ‘पितृ’ शब्दाचीं प्राकृत रूपें ‘पिआ’, ‘पिउ’ अशीं होतात; पंजाबींत ‘पिउ’ हें रूप अद्यापि चालू आहे. त्यापासून ‘बाप’ सिद्ध होणें शक्य नाहीं. दुसरी एक व्युत्पत्ति सुचते ती संस्कृत ‘वप्तृ’, म्हणजे बीं पेरणारा, या शब्दाची. अर्थ जुळतो, परंतु ध्वनि जुळत नाहींत. संस्कृत ‘प्त’ याचा प्राकृतांत ‘त्त’ होतो, जसें सप्त, सत्त, सात. शिवाय मराठींत शब्दारंभींचा ‘व’ सामान्यतः टिकतो. तेव्हां ‘वप्तृ’ पासून मराठींत ‘वात’ सारखें रूप यावयास पाहिजे होतें, ‘बाप’ नव्हे.

खरें मूळ प्राकृत ‘बप्प’ हें होय. जोडाक्षर सुटून मागील स्वर दीर्घ होणें हा मराठीचा नित्याचा नियम आहे. हत्थ, हात, कम्म, काम, त्याचप्रमाणें बप्प, बाप. बाराव्या शतकांत हेमचंद्रानें आपल्या व्याकरणाच्या अपभ्रंश भागांत दिलेल्या एका उदाहरणांत ‘बप्पीकी’, म्हणजे बापाची, असें विशेषण भूमीस लाविलें आहे. वडिलोपार्जित भूमीसंबंधीं हा शब्द योजिला जात होता, हें यावरून स्पष्ट दिसतें.

आतां हा ‘बप्प’ इतिहासांत कोठें भेटतो तें पाहूं. वलभीच्या मैत्रक राजांच्या ताम्रपटांत व नेपाळांतील लिच्छवि राजांच्या लेखांत ‘बप्पपादानुध्यात’, म्हणजे बप्पाच्या चरणांचें चिंतन करणारा, असें विशेषण येतें. हा बप्प कोणी राजा किंवा धर्मगुरु असावा असा तर्क प्रथम झाला होता. फ्लीट यांनीं इ. स. १८८८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या गुप्तलेखांच्या संग्रहांत याचा उलगडा केला. वलभी संवत् ४४७, म्हणजे इ. स. ७६६-६७, या सालच्या अलीना येथील ताम्रपटांत एकामागून एक आलेले अनेक शीलादित्य हेंच विशेषण धारण करितात. एकच व्यक्ति इतक्या पिढ्यांचें दैवत होऊन राहणें संभवत नाहीं. प्रत्येकाचा बाप मात्र निराळा असतो. तेव्हां ‘बप्प’ म्हणजे पिता हेंच खरें.

पल्लवांच्या बाबतींतही असेंच झालें. बेल्लारी भागांतील हिरेहडगळ्ळी येथें सांपडलेल्या शिवस्कंदवर्म्याच्या प्राकृत ताम्रपटांत ‘बप्प’ या शब्दानें पूर्वीच्या महाराजाचा उल्लेख आहे. त्यावरून कित्येक ग्रंथांत ‘बप्पदेव’ नांवाचा आरंभींचा पल्लव राजा वंशावळींत बसला. तेथें केवळ ‘आमचे वडील महाराज’ इतकाच अर्थ घेतल्यास तें नांव गळून पडतें. मेवाडच्या बाप्पा रावळाचा वादही याच जातीचा आहे. इ. स. ९७७ च्या आटपूर येथील शिलालेखांतील वंशावळींत ‘बप्प’ असें नांवच नाहीं. म्हणून ओझा यांनीं कालभोजास, तर देवदत्त भांडारकर यांनीं खुम्माणास बाप्पा मानिलें. दोघांनींही ही आदरदर्शक पदवी समजूनच शोध केला, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

‘बप्प’ मुळांत कोठला? कानडी-तेलुगु ‘अप्प’, फारसी ‘बाबा’ यांशीं साम्य दाखवून कोणी तो उसना ठरवितात. परंतु ओठांनीं उच्चारावयाचीं अक्षरें तान्ह्या मुलास लवकर साधतात, आणि आईबाप तीं आपणांस लावून घेतात. रोमन याकोब्सन यांनीं इ. स. १९६० मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधांत मर्डॉक यांनीं जगांतील भाषांतून जमविलेल्या १,०७२ शब्दांच्या आधारें हेंच प्रतिपादन केलें. जॉर्जियन भाषेंत तर ‘मामा’ म्हणजे बाप व ‘देदा’ म्हणजे आई! तेव्हां नुसत्या साम्यावरून नातें जोडूं नये.

मराठी कागद वाचणारांनीं यांतून बोध घ्यावा. विठोबा, खंडोबा यांतील ‘बा’ हा पितृवाचक आदर होय. ‘बापू’, ‘आप्पा’, ‘दादा’, ‘नाना’ हे नात्याचे शब्द सखारामबापू, चिमाजी आप्पा, रघुनाथराव दादा यांच्या नांवांस कायमचे चिकटले. त्यांवरून कोण कोणाचा कोण हें ठरत नाहीं. थोरले माधवराव आपल्या चुलत्यास, रघुनाथरावांस, ‘तीर्थरूप’ लिहीत. ‘वडील’ शब्दाचा मूळ अर्थ केवळ मोठा, म्हणून ‘वडील बंधु’ असें आपण म्हणतों. करीन्यांत व महजरांत ‘आमचे वडील’ म्हणजे कित्येकदां चार पिढ्यांपूर्वींचे पूर्वज असतात. अशा शब्दावरून पितापुत्रसंबंध गृहीत धरिल्यास वंशावळींतील एक-दोन पिढ्या लुप्त होतात.

सारांश, नात्याचा शब्द हा पुरावा नव्हे, पुराव्याकडे जाण्याची खूण होय. दुसऱ्या स्वतंत्र लेखानें पुष्टि मिळेपर्यंत त्यावरून नांव किंवा नातें निश्चित करूं नये, असें आमचें मत आहे.